मेदवेदेवमध्ये वेद नाही, देवही नाही

‘मेदवेदेव म्हणजे मधु + वेद + देव! रशियन ही संस्कृतची मुलगी, रशिया म्हणजे ऋषीय. अभिमान असेल तर पुढे पाठवा.’ हा मेसेज कित्येक वर्षं फिरतोय आणि मी गप्प होते. पण भाच्यानं तो प्रकल्पवहीत उतरवला, बाईंनी वर ‘छान!’ असा शेरा मारला, आणि मग काही राहवेना.

आधी देव. रशियनमध्ये मेदवेद म्हणजे अस्वल. त्याला ‘एव’ प्रत्यय लागला की झालं आडनाव. म्हणजे त्यातला ‘द’ अस्वलाचा, तो ओढून घेऊन यांनी देव बसवला. माजी अध्यक्ष दिमित्री असोत की 2021 साली यूएस ओपन जिंकलेला टेनिसपटू दानिल, आपल्या हिशेबानं दोघेही अस्वले.

आता वेद. रशियन, युक्रेनियन वगैरे सगळ्या स्लाव्ह भाषांची जी आदिभाषा, तिच्यातलं लिहिलेलं काहीच हाती नाही. तिचे शब्द अभ्यासकांनी तुलनेनं मांडलेत, म्हणून त्यांना तारा लावतात: *मेद्वेदि. माक्स फास्मरच्या रशियन व्युत्पत्तिकोशात अर्थ स्वच्छ दिलाय, मध खाणारा. फोड अशी: मेदु म्हणजे मध आणि एद् म्हणजे खाणे. मग ‘व’ कुठून आला? अहो, यण् संधी शाळेत घोकलाय ना? मधु + अद् = मध्वद्. उ-चा व झाला, तसाच तिकडेही. आणि मध्वद् मी रचलेला नाही, ऋग्वेदातला आहे (1.164.22), तिथे झाडावर बसलेले मध खाणारे पक्षी आहेत. वेदांचा एवढा अभिमान, मग वेद उघडायला काय झालं होतं?

खरं तर अस्वलाचं जुनं नाव वेगळंच, आपल्या ‘ऋक्ष’चं भावंड. ते स्लाव्हांनी टाकलं, बहुधा भीतीपोटी. आपल्याकडे रात्री सापाला लांबडं म्हणतात, त्यातलाच प्रकार. पुढे ‘मध खाणारा’ हा अर्थही विसरला गेला. युक्रेनियनमध्ये तर शब्दाची उलटापालट होऊन ‘वेदमिद’ झालं. हंगेरियन स्लाव्ह नाही, तरी तिनं उसना घेऊन ‘मेद्वे’ केलं.

मधु आणि मेद एकाच मुळाचे, हे कबूल. पण मुळातल्या ए-चा संस्कृतात अ झाला. स्लाव्हमध्ये तो ए टिकला, लिथुएनियन ‘मेदुस’मध्ये आणि ग्रीक ‘मेथु’मध्येही. आईनं घालवलेला ए मुलीकडे आला कुठून? द्वा, त्री वगैरे आकडेही नातलगच, कोणी कोणाच्या पोटचं नाही.

राहिलं ऋषीय. 839 साली फ्रँक सम्राट लुईच्या दरबारात स्वतःला ‘र्‍होस’ म्हणवणारी काही माणसं आली होती; रशिया हे नाव याच शब्दाचं. संशय आला म्हणून चौकशी केली, तर निघाले स्वीडिश.