अण्णाला सांग

आमच्या चिपळूणच्या घरात १९८९ साली मधोमध भिंत उभी राहिली. कारण फणस. झाड बाबांच्या वाट्याला आलं आणि फांद्या अण्णाकाकांच्या अंगणात वाढल्या, एवढ्यावरून दोघा सख्ख्या भावांचं बोलणं बंद झालं. बोलणं बंद झालं तरी कामं थोडीच थांबतात? विहिरीचा पंप सामायिक, देवघरातला गणपती सामायिक. मग ‘अण्णाला सांग’ आणि ‘तुझ्या बापाला सांग’ अशी दिवसाला दहा-बारा खेपांची माझी नोकरी सुरू झाली. निरोप मी जरा दाबून, घडी घालून नेत असे. ‘अक्कल गहाण टाकलीय का, विचार त्याला’ असं इकडून निघालेलं वाक्य भिंत ओलांडेपर्यंत ‘बाबा विचारतात, जमेल का?’ एवढंच उरायचं.

इतका दांडगा अनुभव गाठीशी असल्यावर घरातल्या दोन कॉम्प्युटरांचा व्यवहार म्हणजे किस झाड की पत्ती, असं मला वाटलं होतं.

जुना कॉम्प्युटर २०११ सालचा. डोंबिवलीच्या घरात आतल्या खोलीत टेबलावर बसून असतो. इंटरनेट आता त्याला नाही, वायफाय तर जन्मापासूनच नाही. बाबा रोज सकाळी त्यावर पत्ते खेळतात, आणि त्याच्या पोटात घरचे १८० जीबी फोटो नि व्हिडिओ आहेत. नवा लॅपटॉप बायकोचा. तो टेबलाशेजारी पलंगावर. मधे दीड हात अंतर. शनिवारी दुपारी चहा पिऊन मी म्हणालो, “सहापर्यंत हलवून टाकतो सगळं.” हिनं नुसतं घड्याळाकडे पाहिलं.

सुरुवात पेनड्राइव्हनं केली. ३२ जीबीचा, म्हणजे सहा-सात खेपा. खेपांचं मला काय! पण पहिल्याच खेपेला चिरंजीवांच्या मुंजीचा व्हिडिओ अडला. सव्वापाच जीबीची एकसंध फाइल. (त्यातले दोन जीबी तरी गुरुजी पळी शोधतायत.) पेनड्राइव्हमध्ये भरपूर जागा, तरी तो म्हणतो, फाइल फार मोठी आहे. त्याची बांधणी एफएटी३२ पद्धतीची, आणि त्या पद्धतीत एक फाइल चार जीबीच्या पुढे गेलेली चालत नाही. वर खोली रिकामी आहे, पण कपाट जिन्याच्या वळणावर अडकलंय, तसली गत. पेनड्राइव्ह दुसऱ्या पद्धतीनं फॉरमॅट केला असता तर सुटलं असतं. पण त्यात बाबांची नाट्यपदं होती, आणि मला त्याच घरात राहायचं होतं.

“क्लाउडवर टाक ना सरळ,” चिरंजीव मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाले. फुकटातली जागा १५ जीबी. शिवाय इंटरनेट नसलेल्या यंत्रावरून ढगात जायचं तरी कसं? आणि जमलं असतं तरी दीड हातावरच्या पलंगावर पोचायला मुंजीनं आधी कुठल्या तरी परमुलखातलं डेटा सेंटर गाठायचं, हे मनाला पटेना.

मग मला २००३ साली ऑफिसात शिकलेली विद्या आठवली. दोन कॉम्प्युटर थेट जोडायचे तर साधी लॅन केबल चालत नाही, क्रॉसओव्हर लागते. साध्या केबलनं याच्या तोंडाला त्याचं तोंड आणि कानाला कान लागतो. दोघंही बोलतात, ऐकत कोणीच नाही. क्रॉसओव्हरमध्ये एका टोकाला नारिंगी आणि हिरव्या तारांच्या जोड्यांची अदलाबदल केलेली असते, म्हणजे तोंड बरोबर कानाला लागतं. ही विद्या घेऊन मी स्टेशनजवळच्या दुकानात गेलो. काउंटरवरचा मुलगा माझ्याकडे, मी चारआण्याची केरोसीनची वात मागितल्यासारखा बघत राहिला. “काका, आता कुठलीही लावा. कार्ड स्वतःच ओळखतं.” खरं होतं त्याचं. कान कुठला नि तोंड कुठलं हे यंत्रं आता आपापसात ठरवतात. वीस वर्षं जपलेलं ज्ञान दोन मीटर केबलसकट पिशवीत घालून मी घरी आलो.

केबलचं टोक जुन्या कॉम्प्युटरच्या पाठीमागे, कोळ्याच्या जाळ्यातून हात घालून, बसवलं. खट्ट आवाज आला. दुसरं टोक घेऊन लॅपटॉपच्या चारी कडा तपासल्या. भोकच नाही! लॅपटॉपच मुळी केबलच्या तोंडाहून पातळ. पुन्हा स्टेशन. पुन्हा तोच मुलगा. यूएसबीला लावायचा अॅडॉप्टर त्यानं काउंटरवर आधीच काढून ठेवला होता की काय, देव जाणे.

साडेसहाला दोन्हीकडचे हिरवे दिवे लुकलुकले. म्हटलं, जमली सोयरीक. पण एकाच्या यादीत दुसऱ्याचं नाव दिसेल तर शपथ. पत्ता देणारा राउटर मधे नसला की विंडोजवाली यंत्रं १६९.२५४ नं सुरू होणारा कुठला तरी पत्ता स्वतःच लावून घेतात. तो भरवशाचा वाटेना, म्हणून मी हातानं पत्ते दिले. एकाला १९२.१६८.१०.१, दुसऱ्याला १९२.१६८.१०.२. अगदी सख्खे शेजारी, नुसता एकचा फरक. मग लॅपटॉपवरून पिंग केलं. पिंग म्हणजे हाक. ती चार वेळा मारली जाते. चारही वेळा पलीकडून शुकशुकाट. घरात आहेत, पण उत्तर देत नाहीत. हा प्रकार मला अगदी ओळखीचा होता.

फायरवॉल, म्हणजे कॉम्प्युटरच्या दारावरचा राखणदार! मधल्या केबलला जुन्या कॉम्प्युटरनं ‘अनोळखी सार्वजनिक जागा’ ठरवलं होतं आणि एसटी स्टँडवर पाकीट धरून बसतात तसा तो दार लावून बसला होता. डोंबिवलीची आतली खोली सार्वजनिक? (बाबा, चिरंजीव, कामवाल्या मावशी आणि इस्त्रीवाला यांचा राबता पाहता तसं चूकही म्हणता येणार नाही.) ते बदललं. हाकेला ओ आली. फोल्डर दिसला. दोनदा टिचकी मारली, तर नाव आणि पासवर्ड द्या.

नाव शोधायला अर्धा तास गेला, कारण जुन्या कॉम्प्युटरवर खातं निघालं ते विकणाऱ्या दुकानदाराच्या नावानं. इतकी वर्षं आम्ही कसतोय, पण सातबाऱ्यावर अजून त्याचंच नाव. पासवर्ड मात्र कधीच नव्हता, म्हणून ती जागा कोरी ठेवली. नाही! बिनपासवर्डाच्या खात्यात समोर बसून शिरता येतं, पण केबलवरून नाही. म्हणजे मुळात नसलेलं कुलूप आधी लावायचं, मग किल्ली दाखवून आत यायचं. साडेनऊ वाजले होते. पानं वाढली होती. रागाच्या भरात सुचेल तो पासवर्ड हाणला.

आणि वाहायला लागलं. जुन्याचं कार्ड १०० मेगाबिटचं. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला फार तर साडेबारा एमबी, प्रत्यक्षात अकरा. मी कागदावर मांडलं, साडेचार तास. कॉम्प्युटर मात्र आधी दोन तास म्हणाला, मग नऊ, मग पस्तीस मिनिटं. पंगत कधी बसणार विचारल्यावर मुलीचे मामा देतात तसली उत्तरं. “पेनड्राइव्हनं इतर सगळं नेलं असतंत, तर एक मुंजच राहिली असती,” ही भात कालवत म्हणाली. मी ते ऐकलं नाही. माझी फायरवॉल चालू होती.

रात्री अडीचला मुंज पलंगावर पोचली. गुरुजी पळी शोधताना स्पष्ट दिसत होते.

सकाळी साडेसहाला बाबांची हाक. “अरे, हा माझं नाव-गाव विचारतोय! पत्ते कुठायत माझे?”

“बाबा, पासवर्ड घातलाय काल.”

“काय घातलायस?”

मी घसा साफ केला. “अण्णा.”

बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग कीबोर्डाकडे वळून एक बोट वर धरलं, अक्षर शोधलं, दाबलं. दुसरं शोधलं, दाबलं.

“पुढे?”

“परत एन. दोनदा आहे.”

“दोनदा कशाला?” बाबा बोट हवेत धरून म्हणाले. “एक पुरे होता त्याला.”