चूल मी फुंकली आहे: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

धुरासाठीच्या मराठी क्रियापदांवरच्या 'ओढणे, धुरी देणे, धुरावणे' या माझ्या लेखाखाली आपण गुरुवारी रात्री लिहिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. त्याच रात्री लिहायला बसले असते तर भांडणच झालं असतं, म्हणून चार दिवस जाऊ दिले.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपलं म्हणणं असं, की 'धूम्रपान' हा शब्दच चुकीचा आहे. धुरावलेल्या मासळीने आणि मांसाने कर्करोगाचा धोका वाढतो हे मी लपवलं. आणि चरकाचा दाखला देऊन विडी ओढणाऱ्यांना आयती सबब पुरवली. शेवटी आपण लिहिता, "बाईंनी उभ्या आयुष्यात चूल फुंकलेली दिसत नाही. धुराचं कौतुक गॅसच्या शेगडीपाशी उभ्या असलेल्यांनाच सुचतं."

शब्दाचं म्हणणं मान्य. संस्कृतात धूम म्हणजे धूर, आणि धूम्र म्हणजे धुरकट रंगाचा. चरकसंहितेतही 'धूमपान' असाच शब्द आहे. मराठीत 'धूम्रपान' इतकं रुळलं आहे, की एस.टी.तल्या पाट्या वाचत आपण सगळे त्यावरच वाढलो, त्यामुळे एरवी मी तोच वापरत राहीन. पण चरकाबद्दल लिहिताना मूळ शब्द हवा होता. आज तो बदलला. मात्र ही चूक दोन ओळींत सांगता आली असती. त्यासाठी "आधी एखाद्या शाळामास्तरांकडे शिकवणी लावा" असं लिहायची काय गरज होती? माझे पहिले वाचक शाळामास्तरच आहेत आणि ते माझ्याशी कधी असं बोलले नाहीत.

आता ते चुलीचं वाक्य.

माझा जन्म सिन्नरजवळच्या एका वाडीतला. दोन खणांचं घर, एका कोपऱ्यात चूल, तिला लागून वैल, धुराडं नाही. आई पहाटे चारला उठायची. पावसाळ्यात बाभळीचं सरपण ओलं असायचं, ते पेटता पेटायचं नाही. नवव्या वर्षी फुंकणी माझ्या हातात आली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि कपड्यांना येणारा तो वास. शाळेत बाकावर शेजारी बसणारी मुलगी एकदा सरकून बसली होती, ते मला अजून आठवतं. घरी गॅस आला १९९८ साली, तोवर माझं लग्न झालं होतं. आईच्या दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू काढला आहे आणि तिचा खोकला आजही जात नाही. हे सगळं लेखात लिहिलं नाही, कारण लेख माझ्याबद्दल नव्हता. तुम्हाला ते 'दिसत नाही' एवढ्यावरून तुम्ही ठरवलंत की ते नव्हतंच.

आणखी ऐका. माझी आई विड्या वळायची. टेंभुर्णीची पानं रात्री भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवायची, सकाळी पत्र्याचं माप ठेवून कातरायची, आणि मग मांडीवर सूप घेऊन जर्दा भरत बसायची. दिवसाला हजार विड्या. हजार भरल्या तरी कारखान्यात तपासणारा मूठभर विड्या 'छाट' म्हणून बाजूला काढायचा, त्याची मजुरी नाही. कोणता कारखाना ते इथे लिहीत नाही. तशा वाया गेलेल्या विड्या घरी वडील ओढायचे. चोपन्नाव्या वर्षी फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. मी विडीवाल्यांना सबब पुरवते म्हणताना तुमच्या मनात कोण होतं मला माहीत नाही. माझ्या मनात ते होते.

त्याच घरात मी ही क्रियापदं शिकले. वडील विडी ओढायचे, शेजारचे आजोबा गुडगुडी ओढायचे, गावातली काही माणसं विडी 'प्यायची'. आजी तपकीर ओढायची, तिच्यात तर धूरच नसतो. आई तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, सगळं घर धुरानं भरायचं, पण ती मशेरी 'लावायची'. म्हणजे धूर होतो तिथे 'लावणे' आणि धूर नाही तिथे 'ओढणे'! चुलीच्या वर आढ्याला मक्याची कणसं टांगलेली असायची, पुढच्या पेरणीचं बी. धूर लागला की त्याला भुंगा लागत नाही. बहिणीचं बाळंतपण झालं तेव्हा निखाऱ्यावर ओवा, वावडिंग, बाळंतशेपा टाकून बाळाला धुरी दिली. कणसांना ओढणं नाही, बाळाला फुंकणं नाही. अक्षर न वाचता आलेल्या बायका हे शब्द एकमेकांत कधी मिसळत नव्हत्या.

मी लेख लिहायला बसले ते एका पाककृतीमुळे. कोणत्या तरी यंत्राने केलेलं भाषांतर होतं, आणि त्यात लिहिलं होतं, 'मासे धूम्रपान करण्याची पद्धत'. इंग्रजीत 'स्मोक' हा एकच शब्द चालतो म्हणून मराठीतल्या चार शब्दांचा असा चेंदामेंदा व्हावा, याचा मला खरोखर संताप आला. लेखाचा विषय तेवढाच होता.

कौतुक म्हणता ते कुठे केलं आहे? मी लिहिलं, की कोकणात बोंबील उन्हात आणि खाऱ्या वाऱ्यावर वाळवतात, धुरावत नाहीत; लक्षद्वीपमधल्या मिनिकॉयला मात्र ट्यूना, म्हणजे आपला कुपा, उकडतात, धुरावतात आणि मग वाळवतात, त्याला मासमीन म्हणतात. लाकूड कोंडून जळताना निघणारी फिनॉलं आणि फॉर्माल्डिहाइड जंतूंना वाढू देत नाहीत, वरचा थर सुकतो, म्हणून ती मासळी महिनोन्‌महिने टिकते. फॉर्माल्डिहाइडचं नाव घेणं याला तुम्ही कौतुक म्हणत असाल तर माझ्याकडे उत्तर नाही.

चरकाचंही तेच. त्याचं धूमपान म्हणजे वाटलेल्या सुगंधी औषधांचा लेप शर नावाच्या गवताच्या काडीवर थापायचा, आठ अंगुळं लांबीची, अंगठ्याएवढी जाड वात करायची, सुकली की काडी काढून घ्यायची, तूप लावून पेटवायची, आणि नळीतून धूर घ्यायचा. रोजच्या धूमपानाची नळी छत्तीस अंगुळांची. तोंडाने घेतलेला धूर नाकाने सोडू नये, त्याने डोळ्यांना अपाय होतो, इतकी काळजी तिथे आहे. कोणी घ्यावा, कधी घ्यावा याचे नियम आहेत, आणि गर्भवतीला तर तो वर्ज्यच. तंबाखू त्यात असूच शकत नाही, ती पोर्तुगीजांबरोबर आली. अकबराचा दूत असद बेग याने विजापूरहून ती अकबराच्या दरबारात नेली ती १६०४च्या सुमारास, आणि तेव्हाही हकिमाने विरोध केला होता. जहांगीरने १६१७ साली बंदी घातली. हे लेखाच्या तिसऱ्याच परिच्छेदात होतं. तिथवर आपण आला होतात का? मला शंका आहे.

राहिला कर्करोग. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ साली प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक ठरवलं आणि त्यात धुरावलेलं मांसही येतं, हे मला ठाऊक आहे. धुरातलं कर्करोगकारक बेन्झोपायरिनही ठाऊक आहे. आहारावर लिहीन तेव्हा लिहीन. भाषेवरच्या लेखात प्रत्येक शब्दाखाली इशारा छापायचा झाला तर लिहायला नको. यावर मला याहून जास्त काही म्हणायचं नाही.

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. 'धूमपान'ची दुरुस्ती लेखात तारखेसह दिली आहे आणि ती एका वाचकाने सुचवली असंही लिहिलं आहे. उत्तर द्यायचं असेल तर जरूर द्या, लेखावर द्या. माझ्या घरी चूल होती की नव्हती, हे मात्र पुढच्या वेळी आधी विचारा.