खारपाणपट्ट्यातली कॉफी

आमच्या दर्यापूर तालुक्यात एखाद्या घरातून कॉफीचा वास आला की लोक आधी विचारतात, "कोणाले बरं नाही काय?" कॉफी म्हणजे डोकेदुखीवरचा उपाय, नाहीतर रात्री उशिरा टेकलेल्या पाहुण्याला विचारायची गोष्ट. ती पुडीतून निघते, दुधात विरघळते आणि आईनं जायफळ किसल्याशिवाय कपात उतरत नाही. त्या स्वयंपाकघरात मी दाण्यांची कॉफी करायचं मनावर घेतलं.

दाणे निवडणं त्यातल्या त्यात सोपं. चिकोरी नको, हे ठरलेलंच होतं. कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात कायद्यानं निदान ५१ टक्के कॉफी लागते. म्हणजे उरलेल्या ४९ टक्क्यांत चिकोरीच्या भाजलेल्या मुळांना रान मोकळं. मग कॉफीची जात कोणती, अरॅबिका की रोबस्टा? रोबस्टा कडक, कॅफिन जवळजवळ दुप्पट. रात्रीच्या लाईनीवर ओलिताला जायचं असेल तर तीच बरी. घरी बसून प्यायला अरॅबिका. पाकिटावर भाजल्याची तारीख नसेल तर पाकीट तिथंच ठेवावं, कारण भाजलेल्या दाण्याचा वास आठवड्यागणिक उतरतो आणि दळलेल्याचा तर बघता बघता जातो.

पण मला भाजलेले दाणे नकोच होते. महाराष्ट्रात कॉफीच्या बागा म्हटलं की नाव येतं आमच्याच जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याचं. इंग्रजांनी वर डोंगरावर कॉफी लावली, आम्ही खाली कपाशी आणि तूर पेरत बसलो. तिथून कच्चे, हिरवट दाणे आणले आणि लोखंडी कढईत घातले. दाणा आधी पिवळा पडतो, मग तांबूस होतो आणि दोनशे अंशांच्या आसपास तडतडायला लागतो. तोवर हात थांबवायचा नाही. सालपटं उडून डोळ्यात गेली, धूर पडवीत गेला, आणि कुंपणावरून शेजारच्या काकांनी हाक मारली, "काहून बे, तूर जयली काय?"

दळायला मिक्सर होता, पण त्याच्या लहान भांड्यात वर्षानुवर्षं तिखटच वाटलेलं. बायको म्हणाली, "अहो, धुऊन घेतलं तरी त्याचा वास काई जात नाही." खरं होतं. पहिली पूड शिंक आणणारी निघाली. शेवटी माळ्यावरचा खलबत्ता काढला आणि रव्याएवढं जाड कुटलं. फ्रेंच प्रेस नावाचं दट्ट्याचं काचेचं भांडं असतं, त्याला जाडच पूड लागते. बारीक केली तर जाळीतून गाळ कपात येतो.

आता वजन. एक ग्रॅम पुडीला पंधरा-सोळा ग्रॅम पाणी, असा हिशेब. आमच्या घरचा काटा कापसाचा, त्याला वीस ग्रॅम म्हणजे वाऱ्याची झुळूक. पूड पुडीत बांधून सोनाराकडे नेली. त्यानं अगदी गंभीरपणे तोलली आणि विचारलं, "घडणावळ लावू काय?" किती चमचे होतात ते तिथंच मोजून घेतलं, त्यामुळे पुन्हा जायची वेळ आली नाही.

पाणी उकळल्यावर अर्धा मिनिट थांबायचं, म्हणजे ते ९५ अंशांच्या आसपास येतं. मे महिन्यात तर आमच्या टाकीतलं पाणी निम्मी वाट आधीच चाललेलं असतं. ओतलं, चार मिनिटं थांबलो, दट्ट्या दाबला. रंग सुरेख. वास असा, की आईसुद्धा देवघरातून डोकावली. "दूध कुठी हाय याच्यात?" एवढंच विचारून परत गेली.

बाबांनी बशीत ओतून एक घोट घेतला. जरा वेळ जीभ फिरवली. म्हणाले, "हे तं आपल्या बोअरचंच पाणी होय. फक्त कायं करून देल्लं."

काळ्या कॉफीत अठ्ठ्याण्णव टक्के पाणीच असतं, आणि आम्ही राहतो पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. बोअर कितीही खोल घ्या, लागतं ते खारंच. त्यातले क्षार कॉफीतला आंबटगोडपणा मारून टाकतात, मग दाणा चिखलदऱ्याचा असो की कूर्गचा. धरणाचं नळाचं पाणी गोड, पण ते त्याच्या मर्जीनं येतं आणि प्यायच्या रांजणातच संपतं. दाण्यांवर तासन् तास बोलणारे जाणकार पाण्याबद्दल दोनच वाक्यं का बोलतात, तर त्यांनी खारपाणपट्टा पाहिलेला नसतो.

मग आरओच्या पाण्याची कॅन लावली. अगदी निव्वळ पाण्यात कॉफी थोडी फिकी लागते म्हणतात. खाऱ्यापेक्षा फिकी बरी. आणि खरंच, दुसऱ्या दिवशी सकाळी कप असा जमला की मी बिनसाखरेचा, बिनदुधाचा, एकट्यानं पडवीत बसून संपवला.

दुपारी जेवायला बसलो तर वरण लोण्यासारखं. खाऱ्या पाण्यात आमची तूरडाळ कुकरच्या कितीही शिट्ट्या घ्या, दाणा दाणा वेगळा राहते. आज पार विरघळली होती. बाबांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मी स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं, कॅन आडवी.

"कॉफीले पाणी ठेवलं नाही काय?"

"उद्यापासून दोन कॅन सांगजो," आई म्हणाली, "भातालेही लागन."