मूठ नको, दाराला दार लावा

भित्रा पक्षी दोन मिनिटांत नव्या पिंजऱ्यात कसा टाकायचा, हे सांगणारा एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. मलाच आठवड्याभरात चार जणांनी पाठवला. त्यातला सल्ला असा: आदल्या दिवसापासून पक्ष्याला उपाशी ठेवा. अंगावर पाणी मारा, म्हणजे उडणार नाही. रात्री लाइट बंद करून मुठीत घट्ट धरा, नव्या पिंजऱ्यात सोडा आणि तीन दिवस काळं कापड टाकून ठेवा. तरीही बुजला तर पंख छाटा.

आमच्या आर्वी तालुक्यातल्या गावात हिवाळ्यात एका पोराने हे सगळं केलं. सकाळी धावत माझ्या ओसरीत आला. "काकू, हा डोये उघडूनच नाही राह्यला जी." ओंजळीत हिरवा बजरीगर (आपल्याकडे सगळे ज्याला लव्हबर्ड म्हणतात तो), पिसं ओली, शेपटी प्रत्येक श्वासाला वर-खाली. मी त्याला उबेत ठेवेपर्यंतही तो टिकला नाही. पोराचा जीव होता त्याच्यावर. त्याने फक्त मोबाइलवर आलेलं खरं मानलं. म्हणून त्या मेसेजातलं एकेक घेऊन लिहिते आहे.

मुठीपासून सुरुवात करते, कारण जीव तिथेच जातो. आपल्याला श्वास घ्यायला छातीखाली श्वासपटल असतं. पक्ष्याला तसं नसतं. छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच त्याच्या आत हवा जाते. तुम्ही पक्षी मुठीत आवळला, तर नाक-चोच मोकळी असूनही त्याचा श्वास थांबतो. तो चोच उघडतो, आपल्याला वाटतं चावायला बघतोय, म्हणून आपण आणखी आवळतो. बजरीगरचं वजन असतं 30 ते 40 ग्रॅम. आठ-दहा बोंडांचा कापूस तळहातावर घेऊन बघा, तेवढंच. त्याला आवळायला किती जोर लागतो, ते कापूस वेचणाऱ्या हातांना वेगळं सांगायला नको.

उपाशी ठेवण्याचं म्हणाल, तर बैलाला एक दिवस चारा नाही मिळाला तरी तो निभावून नेतो. एवढासा पक्षी निभावून नेत नाही. त्याच्या अंगाची उष्णता साधारण 41 अंश असते आणि ती टिकवायला तो दिवसभर थोडं थोडं खात असतो. उपाशी पक्षी शांत बसलेला दिसतो खरा, पण तो गळालेला असतो. आवडीचा खाऊ एरवी न देता फक्त नव्या पिंजऱ्यात ठेवायचा, हे चालतं. रोजचं दाणा-पाणी मात्र एक वेळही तोडायचं नाही.

पाणी मारण्याचा सल्ला देणाऱ्याने आमच्याकडची डिसेंबरची पहाट पाहिलेली नसावी. पक्ष्याची ऊब पिसांच्या मधल्या हवेत असते. पिसं चिकटली की ती हवा गेली आणि ऊबही गेली. उन्हाळ्यात सकाळी कूलर बंद ठेवून हलका फवारा दिला, तर पक्षी आनंदाने पंख पसरतो. ती आंघोळ झाली. उडता येऊ नये म्हणून भिजवणं वेगळं.

अंधाराच्या बाबतीत मेसेज अर्धा बरोबर आहे. अंधारात या पक्ष्यांना नीट दिसत नाही, ते जागचे हलत नाहीत. घरात आग लागली, साप शिरला, पक्षी जखमी आहे आणि डॉक्टरकडे न्यायचाय, अशा वेळी तो कुठे बसलाय ते बघून ठेवून लाइट बंद करणं शहाणपणाचं. पण पिंजरा बदलणं ही काही तातडीची गोष्ट नाही. झोपलेल्या पक्ष्याला रात्री अचानक काहीतरी धरतं, तेव्हा त्याच्या लेखी ते मांजर असतं नाहीतर घुबड. पुढे कित्येक महिने तो तुमचा हात दिसला की सळयांवर आपटत राहतो. रात्रीच्या त्या झटापटीत नव्याने उगवणारं पीस मोडलं तर रक्तही येतं, कारण वाढत्या पिसाच्या देठात रक्त खेळत असतं.

पंख छाटण्यालाही हेच लागू, वाढतं पीस कापलं की रक्त येतं. शिवाय भित्रा पक्षी दचकला की उडतोच. पंख नसले तर सरळ छातीवर पडतो. याहून जास्त त्यावर लिहावंसं वाटत नाही.

काळं कापड तीन दिवस टाकायचं म्हणतात. काळोखात पक्षी खात नाही, म्हणजे पुन्हा उपासच. आणि नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू असताना आमच्याकडे पारा 45 च्या वर जातो, दुपारी लाइन जाते, कूलर बंद पडतो, तेव्हा त्या कापडाखाली काय होत असेल? पक्ष्याला घाम येत नाही. चोच उघडून, पंख अंगापासून लांब धरून तो धापा टाकतो. आडोसा हवाच, पण तो जुन्या सुती लुगड्याचा, पिंजऱ्याच्या मागच्या बाजूने आणि फार तर एका कडेने. समोरून उजेड आणि वारा राहू द्या.

आता मी काय करते ते सांगते. माझी चिंगीही बजरीगरच, अमरावतीच्या बाजारातून आणलेली. दुकानात तिला किती वेळा हाताने उचललं होतं कोण जाणे, हात दिसला की थरथरायची. गेल्या हिवाळ्यात तिला मोठा पिंजरा घेतला. आधी तो घासला. जस्त चढवलेल्या नव्या तारेवर पांढरी भुकटी असते, पक्षी तार चावतो आणि जस्त पोटात जाऊन विषबाधा होते. म्हणून व्हिनेगर-पाणी आणि ब्रश, मग स्वच्छ पाणी, मग दिवसभर ऊन. सळयांमधलं अंतर मोजलं. बजरीगरला 12 मिलिमीटरपेक्षा जास्त नको, डोकं अडकतं.

नवा पिंजरा दोन दिवस जुन्याच्या बाजूला नुसता ठेवला. मग दोन्ही दारं समोरासमोर आणून सुतळीने आवळून बांधली. दारं लहान-मोठी होती, फटीत पुठ्ठा लावला. या पिंजऱ्यांची दारं वर सरकणारी असतात आणि मधेच खाली पडतात. पक्षी बरोबर तिथे असला तर मान नाहीतर पाय जायचा. म्हणून कपडे वाळत घालायचे चिमटे लावून दोन्ही दारं वर पक्की केली. खिडकी लावली, पंखा बंद, मांजर बाहेर. एवढं करून मी उठून गेले. जवळ बसून टक लावून बघत राहिलं तर पक्षी हलत नाही.

नव्या पिंजऱ्यात दाराजवळ ज्वारीचं कोवळं कणीस बांधलं होतं. मेसेजात सगळं नवं ठेवा म्हटलंय. मी उलट करते, बसायची एक जुनी काडी तिकडे नेते आणि दाण्याची तशीच वाटी लावते. जुन्या पिंजऱ्यातलं दाणा-पाणीही जागेवरच ठेवते.

कधी धरावंच लागलं, तर जुन्या धोतराचा मऊ तुकडा घ्या. खरखरीत टॉवेलच्या धाग्यांत नखं अडकतात. पाठ तळहातावर, मान पहिल्या दोन बोटांच्या मधे, छातीवर काहीच नाही. पक्ष्याची श्वासनलिका पूर्ण कड्यांची असते, ती सहज दबत नाही, म्हणून मानेजवळ हलकं धरलेलं चालतं. धापा टाकायला लागला की लगेच सोडा.

आणखी एक. त्या मेसेजवर फोटो आपल्या रानातल्या कंठवाल्या पोपटाचा आहे. तो पिंजऱ्यात ठेवणं हाच वन्यजीव संरक्षण कायदा 1972 प्रमाणे गुन्हा आहे. कुणाकडे असेल तर पिंजरा बदलत बसू नका आणि आंब्यावर नेऊन सोडूनही देऊ नका, कारण पाळलेल्या पोपटाला रानात पोट भरता येत नाही. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा.

चिंगीला चार दिवस लागले. पहिल्या दिवशी ती दाराकडे पाठ करून बसली. दुसऱ्या दिवशी उंबरठ्यापर्यंत आली आणि मान लांब करून एक दाणा ओढून पळाली. तिसऱ्या दिवशी एक पाय इकडे, एक तिकडे. चौथ्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास मी आंगणात सडा टाकत होते, आतून कणसाचा करकर आवाज आला. डोकावून बघितलं तर अख्खी चिंगी कणसावर उलटी लटकलेली. तिचं खाणं होऊ दिलं. ती वरच्या काडीवर जाऊन चोच पुसायला लागली, तेव्हा चिमटा काढून दार हळूच हाताने खाली आणलं. जुना पिंजरा आणखी दोन दिवस तिथेच, तिला दिसेल असा ठेवला.