सँटोरिनीतील आठ तासांचा हिशेब : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार,

ग्रीसच्या सँटोरिनी बेटावरील लेखात मी क्रूझ प्रवाशांना इया हे गाव आणि आक्रोतिरी हे प्राचीन नगराचे उत्खननस्थळ यांपैकी एकच ठिकाण निवडावे असे सुचवले होते. जहाज सकाळी ८ ते दुपारी ४ थांबत असताना असा सल्ला विनाकारण धास्ती घालतो आणि वाचकांना जहाजकंपनीच्या महागड्या सहलींकडे ढकलतो, असा आपला आक्षेप आहे. त्या सहलींवाचूनही बेट उत्तम पाहता येते, हे आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. आठ तासांचा हिशेब मात्र मान्य नाही.

मोठ्या जहाजांसाठी तिथे धक्का नाही आणि बेटालगतचे ज्वालामुखीचे जलमय विवर इतके खोल आहे की, बहुतेक ठिकाणी नांगरही टाकता येत नाही. म्हणून सगळ्यांना टेंडर, म्हणजे जहाजावरून किनाऱ्यावर ने-आण करणाऱ्या छोट्या बोटींनीच उतरावे लागते. पहिल्या बोटी सहसा कंपनीच्या सहलींसाठी राखलेल्या असतात, त्यामुळे स्वतंत्र प्रवाशाने नऊच्या आधी किनाऱ्यावर पोहोचण्याची अपेक्षा धरू नये. पण खरी अडचण बोटीत नाही, कड्यावर आहे. बोटी जिथे उतरवतात त्या जुन्या बंदरापासून बेटाचे मुख्य गाव फिरा सुमारे २२० मीटर उंच आहे. वर जायला केबल कार, ५८० हून अधिक पायऱ्या किंवा खेचरे आहेत. त्या मुक्या जनावरांवरचा भार पाहता मी खेचरांची शिफारस कधीच करणार नाही. केबल कारची क्षमता दोन्ही दिशा मिळून तासाला सुमारे १,२०० माणसांची आहे. २०२५ पासून क्रूझ प्रवाशांवर दिवसाला ८,००० ची मर्यादा आली, तरी तेवढ्या सगळ्यांना केबल कारने एकदा खाली आणायचे तर कित्येक तास लागतील, आणि दुपारी तर सगळे एकाच वेळी परततात.

शेवटचे टेंडर साडेतीनला असेल तर दोनच्या सुमारास केबल कारच्या रांगेत असणे शहाणपणाचे आहे. म्हणजे हातात उरतात जेमतेम चार तास. इया उत्तरेला, आक्रोतिरी दक्षिणेला, आणि बस दोन्हीकडे फिरातूनच सुटतात. एका बाजूला जाऊन आले की दुसरीकडे जायला निवांत वेळ उरत नाही. धावतपळत दोन्ही जमतीलही, पण आक्रोतिरीतील तीन हजार वर्षांहून जुन्या, राखेखाली टिकून राहिलेल्या गल्ल्या घड्याळाकडे पाहत ओलांडणे मला अन्यायाचे वाटते.

आपल्यासोबत आईवडील असतील तर माझा आग्रह आणखी वाढतो, कारण लाटांवर हलणाऱ्या बोटीत पाऊल टाकणेच गुडघेदुखी असलेल्यांना जड जाते आणि शेणाने निसरड्या झालेल्या पायऱ्या उतरणे तर झेपणारे नाही. त्यांच्यासाठी फिरातच थांबून कड्याच्या काठाने शेजारच्या फिरोस्तेफानी गावापर्यंत सावकाश चालत जावे. त्यात तेच विवर दिसते आणि तिकीटही लागत नाही. वारा वाढल्यास टेंडर रद्दही होतात, म्हणून परतावा न मिळणारी गाडी आधी ठरवू नये, आणि आपल्या तारखेला आणखी किती जहाजे येणार आहेत ते बंदराच्या वेळापत्रकात अवश्य पाहावे.