एकाच डोळ्याने रडणारा हिरो

दिवाळीत भाची राहायला आली होती. यंदा दहावी झाली, आणि सिनेमाचं वेड माझ्याइतकंच. एका रात्री जेवणं आटोपल्यावर तिला म्हटलं, चल, तुला माझ्या फार जवळचा एक सिनेमा दाखवतो. अमेरिकन दिग्दर्शक जॉन वॉटर्सचा ‘क्राय-बेबी’, १९९० सालचा. वीसेक मिनिटं ती गप्प बसून बघत होती. मग म्हणाली, "मामा, ही सगळी माणसं इतकी ओव्हर का करतायत? डिरेक्टरला कळत नव्हतं का?"

मी म्हटलं, कळत होतं म्हणूनच करतायत. तिला ते पटलं नाही, पण बंद कर असंही म्हणाली नाही. तिचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जाईना. या सिनेमाबद्दल मोठी माणसंही हेच विचारतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे ‘टाइमपास आहे, जुन्या सिनेमांची टिंगल आहे’ म्हणून सोडून देतात. मला हे मान्य नाही. म्हणून सविस्तर लिहितोय.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गोष्ट १९५४ सालच्या बॉल्टिमोर या अमेरिकन शहरात घडते. शहरातल्या पोरापोरींचे दोन तट. एक स्क्वेअर्स: सोज्वळ, इस्त्रीच्या कपड्यांतले, चारचौघांत कसं वागावं याचे वर्ग लावणारे. दुसरे ड्रेप्स. हे नाव वॉटर्सने मनाने रचलेलं नाही. चामड्याची जाकिटं घालणाऱ्या, केस चोपडून मागे वळवणाऱ्या कष्टकरी वस्तीतल्या पोरांना बॉल्टिमोरमध्ये त्या काळी खरंच ड्रेप म्हणत. त्यांचा म्होरक्या वेड वॉकर, ऊर्फ क्राय-बेबी (म्हणजे रडका पोरगा), ही भूमिका जॉनी डेपची. पलीकडे श्रीमंत आजीने वाढवलेली अ‍ॅलिसन, म्हणजे एमी लोकेन. शाळेत लस टोचायची रांग लागलेली असते. त्याच्या दंडात सुई जाते, त्याच्या एका डोळ्यातून एकच थेंब ओघळतो आणि ती जागच्या जागी प्रेमात पडते.

दोघंही अनाथ आहेत. त्याचा बाप इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने एकेका ठिकाणी बॉम्ब लावत सुटलेला माणूस. त्याला विजेच्या खुर्चीत बसवलं, पाठोपाठ आईलाही. अ‍ॅलिसनचे आईवडील अपघाताच्या भीतीने कधी एका विमानात बसायचे नाहीत, वेगवेगळ्या विमानांनी जायचे. एक दिवस दोन्ही विमानं पडली. हे ती सांगते तेव्हा हसू फुटतं आणि त्याच क्षणी पोटात खड्डाही पडतो. मला वॉटर्सची नाडी इथेच सापडते. तो दुःखाची थट्टा करत नाही. दुःख इतकं मोठं करून दाखवतो, की सोळा वर्षांच्या पोराला ते आतून जेवढं वाटत असतं तेवढं ते पडद्यावर दिसावं. त्या वयात प्रेमभंग म्हणजे जगबुडी असते, बापाशी भांडण म्हणजे महायुद्ध असतं. बेताचा अभिनय हे खोटं करून टाकेल.

आता टिंगलीच्या आरोपाकडे येतो. ज्या सिनेमांचं हे विडंबन आहे ते कोणते? १९५३ मध्ये मार्लन ब्रँडो मोटरसायकलवर बसला, ‘द वाइल्ड वन’. १९५५ मध्ये जेम्स डीन लाल जाकीट घालून आला, ‘रिबेल विदाउट अ कॉज’. १९५७ मध्ये एल्व्हिस प्रेस्ली तुरुंगात नाचला, ‘जेलहाउस रॉक’. मोटरसायकल, चांगल्या घरची मुलगी, गैरसमजाने आत टाकलेला पोरगा, जो आधी घाबरेल तो हरला अशी मोटारींची शर्यत. हे सगळं ‘क्राय-बेबी’त आहे, दुप्पट भडक रंगात.

पण डीनचा सिनेमा पुन्हा काढून बघा. तो अगदी सुरुवातीला पोलीस चौकीत कोलमडतो. आईबापांच्या भांडणाने पिचलेलं ते पोर आहे. पुढे काय झालं? पुढच्या तीसपस्तीस वर्षांत जगाने त्याचं जाकीट लक्षात ठेवलं. पोस्टर, टी-शर्ट, जाहिराती, सगळीकडे भिंतीला टेकून उभा असलेला बेफिकीर तरुण. त्याचं रडणं गळून पडलं. स्मरणरंजनाची हीच खोड असते, त्याला कपडे आठवतात, माणूस आठवत नाही. वॉटर्सने काय केलं, तर नेमकं ते हरवलेलं रडणं उचललं आणि हिरोचं नावच ते ठेवलं. ज्याला लोक विडंबन म्हणतात, त्याच्या आत मूळ गोष्टीशी इतकी निष्ठा आहे. जे सिनेमे गंभीरपणे पन्नाशीच्या दशकाचे गोडवे गातात, त्यांच्यात ती मला सापडत नाही.

आणि विडंबन म्हणजे टिंगल, हे आपण मराठी माणसांनी तरी म्हणू नये. अत्र्यांची ‘झेंडूची फुले’ १९२५ सालची. ज्यांच्या कवितांची त्यांनी विडंबनं केली, त्यांच्या ओळी, वृत्तं, लकबी त्यांना पाठ होत्या. पाठ असल्याशिवाय विडंबन साधतच नाही. नुसती खोडी काढायला लांबून बघितलं तरी चालतं. विडंबन करायचं तर त्या गोष्टीच्या सहवासात राहावं लागतं.

वॉटर्स बॉल्टिमोरचाच. जन्म १९४६ चा, म्हणजे १९५४ साली तो आठ वर्षांचा होता. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. तो त्या टोळ्यांमध्ये नव्हता, असू शकत नव्हता. तो खिडकीतून बघणारा मुलगा होता. आठ वर्षांच्या पोराला शेजारचा सतरा वर्षांचा दादा कसा दिसतो आठवा. त्याची सायकल विमानाएवढी वाटते, त्याचं शीळ घालणंसुद्धा पराक्रम वाटतो. ‘क्राय-बेबी’तला भडकपणा मला त्या आठ वर्षांच्या नजरेतून आलेला दिसतो. भाचीला मी त्या रात्री हे सांगायला हवं होतं.

नटसंचाबद्दल लिहायला बसलो तर पोस्ट संपायची नाही, पण थोडं लिहितोच. डेप तेव्हा ‘२१ जंप स्ट्रीट’ या मालिकेमुळे घराघरातल्या मुलींच्या भिंतीवर पोहोचला होता आणि त्या गोंडस प्रतिमेत त्याचा जीव घुसमटत होता. त्यातून सुटायला त्याने ती प्रतिमाच इतकी ताणली, की तिला तडा गेला. त्याच वर्षाच्या शेवटी ‘एडवर्ड सिझरहँड्स’ आला आणि पुढचा डेप जगाला दिसला. गाणी त्याच्या आवाजात नाहीत, ती जेम्स इंटव्हेल्डने गायली आहेत, एमी लोकेनसाठी रेचल स्वीट गायली आहे. आपल्याला पार्श्वगायनाचं नवल नाही, त्यामुळे तिकडच्या काही प्रेक्षकांना खटकणारी ही गोष्ट मला कधी खटकली नाही.

क्राय-बेबीचा मामा म्हणून इगी पॉप, पंक संगीताचा आद्य पुरुष. बहीण पेपर म्हणून रिकी लेक. प्रौढांच्या सिनेमांचा शिक्का पुसून नव्याने उभी राहू पाहणारी ट्रेसी लॉर्ड्स त्यांच्या टोळीतली वांडा. आणि या वांडाचे आईवडील बघा. बाप आहे डेव्हिड नेल्सन. हा माणूस लहानपणापासून टीव्हीवरच्या आदर्श अमेरिकन कुटुंबाचा मुलगा म्हणून देशासमोर वाढला, आणि ते कुटुंब त्याचं खरंखुरं होतं. आई आहे पॅटी हर्स्ट, वृत्तपत्रसम्राटाची नात. १९७४ मध्ये तिचं अपहरण झालं आणि पुढे अपहरण करणाऱ्या त्याच गटाबरोबर बँक लुटल्याबद्दल तिलाच शिक्षा झाली. या दोघांना वॉटर्स शेजारी शेजारी उभं करतो, छान कपडे घालून, हसऱ्या चेहऱ्याने. एक शब्द न बोलता त्याने सांगून टाकलं, की आदर्श कुटुंब नावाच्या चित्रात कोणालाही उभं करता येतं.

टोळीतली हॅचेट-फेस मला सगळ्यात आवडते. किम मॅग्वायरने ती केलीय, वेडावाकडा चेहरा करून, जबडा पुढे काढून. दुसऱ्या कुठल्याही तरुणांच्या सिनेमात तिला चष्मा काढून, केस सोडून ‘सुंदर’ केलं असतं आणि मग तिला प्रियकर मिळाला असता. इथे तिचा मिल्टन पहिल्यापासून तिच्यावर जीव टाकतो, आहे त्या चेहऱ्यावर. तिला कोणी बदलायला जात नाही. जिला शाळेत चेहऱ्यावरून हाका मारल्या गेल्या असतील, तिने हा सिनेमा बघावा.

संगीताबद्दल एकच गाणं घेतो, कारण त्यात या दिग्दर्शकाचा अभ्यास दिसतो. स्क्वेअर्सचा पुढारी बाल्डविन आपल्या गुळगुळीत मित्रांना घेऊन ‘श-बूम’ गातो. हे गाणं मुळात द कॉर्ड्स या कृष्णवर्णीय गटाचं, १९५४ सालचं. त्याच उन्हाळ्यात क्रू कट्स नावाच्या गोऱ्या गटाने ते धुऊनपुसून गायलं, आणि पहिल्या क्रमांकावर गेलं ते त्यांचं. तर १९५४ चं वर्ष, ‘श-बूम’ हे गाणं आणि ते स्क्वेअर्सच्या तोंडी. ज्याला ठाऊक नाही त्याला नुसतं छान गाणं ऐकू येईल. ज्याला ठाऊक आहे त्याला कळेल, की सोज्वळ मंडळींच्या ओठांवरचा गोडवा कुठून उचललेला आहे.

पण इथेच माझी एक तक्रारही आहे. वॉटर्सचा आधीचा ‘हेअरस्प्रे’, १९८८ चा, वर्णभेदाला सरळ भिडतो. ‘क्राय-बेबी’ भिडत नाही. बॉल्टिमोरच्या शाळांमधून वर्णभेदाच्या भिंती पडायला सुरुवात झाली ती १९५४ च्याच सप्टेंबरमध्ये. इतकी मोठी गोष्ट शेजारी घडत असताना हा सिनेमा गरीब गोरे विरुद्ध श्रीमंत गोरे एवढ्यावरच थांबतो. टोळीत कृष्णवर्णीय माणसं आहेत, पण कडेला. मला सिनेमा आवडतो म्हणून मी हे झाकणार नाही.

तिकीटबारीवर तो पडला. २००८ मध्ये ब्रॉडवेवर त्याचं संगीत नाटक आलं, तेही ६८ प्रयोगांत आटोपलं. ‘हेअरस्प्रे’चं नाटक मात्र वर्षानुवर्षं चाललं. मला त्याचं आश्चर्य वाटत नाही. ‘हेअरस्प्रे’त आपण कुठल्या बाजूचे हे प्रेक्षकाला लगेच कळतं आणि बरं वाटतं. ‘क्राय-बेबी’ तसं बरं वाटू देत नाही, तो एका रडणाऱ्या मुलाला हिरो माना असं सांगतो.

आपल्याकडे तर शब्दच बघा. रडणाऱ्या मुलीला रडूबाई म्हणतात आणि रडणाऱ्या मुलालाही रडूबाईच म्हणतात. म्हणजे मुलगा रडला की आधी त्याचं मुलगेपण काढून घ्यायचं. मी हे सिनेमाच्या निमित्ताने बोलत नाहीये. माझे वडील गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. स्मशानातून परतताना एका नातेवाइकांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, आता घरातला कर्ता तू, आईला तुझ्या डोळ्यांत पाणी दिसता कामा नये. त्यांनी प्रेमानेच सांगितलं असेल. मी ऐकलं. तेराव्यापर्यंत नाही, वर्षश्राद्धापर्यंत नाही, कधीच रडलो नाही.

दोनेक वर्षांनी होस्टेलवर एका मित्राच्या कॉम्प्युटरवर ‘क्राय-बेबी’ पाहिला. सगळे हसत होते, मीही हसत होतो. त्यात एक जागा आहे, तुरुंगात क्राय-बेबी डोळ्याखाली अश्रूचं गोंदण करून घेतो, अ‍ॅलिसनसाठी, कारण खरा अश्रू पुसला जातो आणि हा राहील. पोरं त्यावरही हसली. मी उठून बाहेर गॅलरीत गेलो. शेवट मी त्या दिवशी पाहिलाच नाही, नंतर एकट्याने पाहिला.

शेवट असा आहे. मोटारींची शर्यत. क्राय-बेबी एका मोटारीच्या टपावर उभा. पेपरला मागच्या सीटवर त्याच धावपळीत बाळ होतं. बाल्डविन घाबरून वळतो आणि हरतो. बघायला जमलेली सगळी माणसं रडतात, प्रत्येकाच्या एका डोळ्यातून एकच थेंब, क्राय-बेबीसारखा. आणि तो स्वतः, ज्याने आईबाप गेल्यापासून फक्त एकाच डोळ्यातून पाणी येऊ दिलं होतं, तो पहिल्यांदा दोन्ही डोळ्यांनी रडतो.

भाची त्या रात्री शेवटपर्यंत जागी होती. नावं वर सरकायला लागली तेव्हा मला वाटलं, आता पुन्हा ओव्हरॲक्टिंगचं काढेल. तिने विचारलं, "मामा, बाकीचे सगळे एका डोळ्याने रडले आणि तो दोन्ही डोळ्यांनी. असं का?"

तिने तिच्या आजोबांना पाहिलेलं नाही. मी टीव्ही बंद केला आणि तिला त्यांच्याबद्दल सांगायला सुरुवात केली.