चेहरा सांभाळा, पुस्तक मागाहून

कोल्हापुरात मिरजकर तिकटीच्या आसपास एका बोळात जुन्या पुस्तकांचं दुकान आहे. पुस्तकांवर किंमत छापलेली असते, 'दोन रुपये आठ आणे' वगैरे, पण तिचा व्यवहाराशी काडीचा संबंध नाही. खरी किंमत गिऱ्हाइकाच्या तोंडावर लिहिलेली असते आणि दुकानाच्या काकांना ती चष्मा न लावता वाचता येते.

आता कोल्हापूरच्या माणसाला तोंडावर काही न दाखवणं कुठलं जमतंय? तांबडा रस्सा जमला तर आम्ही अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल अशी दाद देणार. खासबागेत कुस्ती रंगली की शड्डू प्रेक्षकांतून. अशा माणसानं वर्षानुवर्षं शोधलेलं पुस्तक हाती आल्यावर "हं, असू दे एक" असा चेहरा करायचा, ही शिक्षा आहे.

त्यात ते पुस्तक नेहमी गठ्ठ्याच्या तळाला. वरचा डोलारा हनुवटीनं पेलत, डांबरगोळ्यांचा वास नाकात घेत ते ओढायचं, आणि एवढं करून निर्विकार दिसायचं!

काकांचा अभ्यास दांडगा. पहिली पानं फाटलेली असली तरी ते पुस्तकाचं वय सांगतात. किंमत आण्यांत असेल तर बहुधा 1957 च्या एप्रिलच्या आधीचं, कारण मग नवे पैसे आले. 'तें', 'मुलें', 'घरें' अशी डोक्यावर टिंबं दिसली तर साधारण 1962 च्या आधीचं; त्या साली साहित्य महामंडळाच्या नियमांनी ती टिंबं गेली. शेवटी पानाच्या पाठीवरून अंगठा फिरवतात. खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या अक्षरांच्या, छपाईचा उठाव लागला की म्हणतात, "लागतंय बघा हाताला," आणि दर पन्नासानं चढतो. हे ज्ञान मला त्यांनीच दिलं. फी वेळच्या वेळी वसूल केली.

पुरात भिजलेली पुस्तकं तरी स्वस्त पडतील म्हणून एकदा तो ढीग उपसला. खालच्या कडेला तपकिरी रेघ, पानं पापडासारखी फुगलेली.

"व्हीनस कॉर्नरच्या बंगल्यातली हायत, सर. 2019 चा पूर बघितल्याली पुस्तकं. परत मिळायची न्हाईत."

"काका, 2021 ला परत आला की पूर."

"मग ती दुसरी आवृत्ती."

परवा मात्र मला हवं ते सापडलं. नाव सांगत नाही. दुसरा खंड अजून मिळायचाय आणि काका वाचतात सगळं. मी ते शिताफीनं एक जुन्या अभ्यासक्रमाचं गाईड, एक बिनकव्हराचा दिवाळी अंक आणि 'गोबर गॅस'वरची एक पुस्तिका यांच्या मधे सरकवलं. चेहरा असा, की जणू वीज बिल भरायला आलोय. सोबत वडणग्याचा एक मित्र होता. त्याला पुस्तकांशी देणंघेणं नाही, दोन म्हशी आणि मोकळा वेळ एवढंच. तो गठ्ठ्यात डोकावला आणि बोळभर ऐकू जाईल असा ओरडला, "आरं भावा! हेच न्हवं का तू हुडकत हुतास? घावलं की!"

काकांनी चष्मा काढला.

"पाचशे."

"काका, आत तीन रुपये छापलंय."

"मग तवाच यायचं हुतं."

पाऊण तास घासाघीस, दोन चहा (पैसे माझे), आणि चारशे ऐंशीवर ठरलं. पैसे मोजून मी बाकीचा गठ्ठा हळूच बाजूला सारला, तर काका म्हणाले, "असं कसं, सर? एवढं मनापासनं काढलासा. न्या की तसंच. गोबर गॅसचं तर लई दिस कोण हातात धरंना."

मित्रानं ती पुस्तिका उचलली. पान उलटलं, आणखी एक उलटलं. मग भुवया वर गेल्या. "आयला, हे आमच्या गोठ्यामागं बसतंय की!"

काकांनी त्याच्या तोंडाकडं बघितलं.

"शंभर."